तिसरी हाक

दिलसुखनगरच्या क्लासमधून राणीनं हेडसेट घरी आणला तो भाजीच्या पिशवीत, वरून कोथिंबिरीची जुडी टाकून. बसमध्ये कुणी हात मारू नये म्हणून ही युक्ती. क्लासची वस्तू रविवारपुरती घरी न्यायला मिळणं सोपं नव्हतं, पण मंदार सर भले माणूस होते. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादेत आलेले. आठवडाभर कंपनीत राबायचे आणि सुट्टीच्या दिवशी डोळ्यांवर चढवून आत शिरता येईल अशा गोष्टी रचायला शिकवायचे.

"पहिली गोष्ट छोटी करा," ते सांगायचे. "एकच जागा, दोनच निवडी. पुढं काय घडायचं ते पाहणाऱ्यानं ठरवायचं."

राणीनं जागा निवडली ती आपल्याच चिक्कडपल्लीच्या घरातली. तिन्हीसांजेला तुम्ही पॅसेजमध्ये उभे आहात. समोर स्वयंपाकघराचा पडदा. आतून हाक येते. हवेत दोन पाट्या दिसतात, 'ओ दे' आणि 'गप्प राहा'. हातातलं बटण दाबून एक पाटी निवडायची. ओ दिलीत तर सगळीकडे अंधार आणि खेळ खलास. गप्प राहिलात तर वाचलात. पडद्यामागं राणीनं काहीच केलं नव्हतं. स्वयंपाकघर रचण्याइतकं तिला अजून येतच नव्हतं.

ही कल्पना मूळची आईची. कुसुमताई भालकीकडच्या, आणि त्यांच्या माहेरचा दंडकच होता की दिवेलागणीला कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. ते जे काही असतं, त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी आली तर समजावं, माणूस आहे. लहानपणी राणी यावर फिदीफिदी हसायची, आणि तिसरी हाक आल्याशिवाय तोंड काही उघडायची नाही.

हाकेचा आवाजही आईचाच. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आई गेली. राणीच्या फोनमध्ये तिचा एक निरोप तेवढा उरला होता. "राणी… ए राणी…" एवढाच. पुढचं बोलायच्या आत तिचं बोट बटणावरून सुटलं होतं. राणीनं तो तसाच गोष्टीत टाकला.

"छान जमलंय," सर म्हणाले होते. "पण तिसरी हाक कुठंय?"

"नाही सर. दोनच आहेत."



खरं सांगायचं तर गोष्ट सरांसाठी नव्हतीच, पप्पांसाठी होती. तिचे पप्पा शिवराज म्हणजे कोठी भागातल्या दुकानात शाळेची पुस्तकं विकता विकता गिऱ्हाइकाचं डोकं खाणारा माणूस. बायको गेल्यापासून ते मुके झाले होते. रडलेही नव्हते. दुकान गड्याच्या भरवशावर, पोटात दोन घास, आणि दिवसभर पॅसेजमधल्या खुर्चीत बसून राहायचं. आई गेली ती गेली, आता पप्पाही असेच बसल्या जागी हातातून निसटतील, ही धास्ती राणीला जेवू देत नव्हती. आईचा आवाज ऐकून एकदा रडले म्हणजे मोकळे होतील, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

वेळ तिनं मुद्दाम दिवेलागणीची साधली. नवशिक्याची हौस, दुसरं काय!

"नक्को बेटा," पप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांना झेपत नाही हे."

"पप्पा, आईचा आवाज आहे यात."

त्यांनी मान वर केली आणि हेडसेट चढवून घेतला. आवाज फक्त त्यांच्या कानात होता. ते पाहत होते तेच राणीला समोरच्या लॅपटॉपवर दिसत होतं. तोच पॅसेज, तोच पडदा. खाली गल्लीत भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला आणि मग घर अगदी शांत झालं.

पप्पांचे ओठ थरथरले. राणीला वाटलं, आता रडतील.

"बोलावतेय गं मला," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही पप्पा. 'राणी' म्हणतेय ती."

"नाही. 'अहो' म्हणतेय."

आईनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. सगळा संसार तिनं त्या एका 'अहो'वर निभावला. पण गोष्टीत 'अहो' नव्हतंच! राणीनं ते टाकलंच नव्हतं. टाकणार कुठून?

"पप्पा, काढा ते… काढा आधी."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "थांब की. दोन झाल्या." ते कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. वर्षभरात उजळला नव्हता तसा. "ही बघ… तिसरी."

"पप्पा, ओ देऊ नका! ऐका माझं…"

"तिसरी माणसाची असते, राणे. तुझी आईच सांगायची ना?" आणि त्यांनी बटण न दाबताच मोठ्यानं ओ दिली. "ओ! आलो गं."

बोललेलं ऐकणं राणीनं त्या गोष्टीला शिकवलंच नव्हतं. तरी लॅपटॉपवरचा पॅसेज मागं सरकू लागला. पप्पा खुर्चीतच होते, पण पडदा जवळ येत होता. तो बाजूला झाला. आत शेगडी पेटलेली होती. फळीवर आईचे स्टीलचे डबे होते, एकाचं झाकण चेपलेलं, अगदी तिच्या हातून पडून चेपलं होतं तसं. घरभर लसणाच्या फोडणीचा वास सुटला. राणीनं दुपारपासून गॅस पेटवला नव्हता…

तिनं झडप घालून हेडसेट ओढून काढला आणि जमिनीवर टाकला. पप्पांचे डोळे उघडे होते. छाती हलत होती. पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं.

"पप्पा!"

काही नाही.

"पप्पा!"

जमिनीवर पालथ्या पडलेल्या हेडसेटमधून बारीक आवाज आला. पप्पांचा.

"राणी हाक मारतेय वाटतं…"

आणि मग आईचा, अगदी दबका. "थांबा, अहो. दोनच झाल्यात. लगेच ओ देऊ नका."

सगळा जीव गोळा करून राणी किंचाळली, "पप्पा!" आणि नेमकं त्याच क्षणी, खाली पडलेल्या हेडसेटमधून, राणीच्याच आवाजात, कुणीतरी तीच हाक मारली.

"ओ," पप्पा म्हणाले. पापण्या लवल्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "काय झालं गं? रडतेस कायको?"

राणी त्यांच्या गळ्यात पडून पोटभर रडली. पप्पा परत आले होते, आणखी काय हवं होतं तिला? त्यांनी नेमकी कुठली हाक ऐकली, हे तिनं मनालासुद्धा विचारू दिलं नाही. सकाळी उठून हेडसेट क्लासमध्ये परत केला आणि गोष्ट पुसून टाकली.

पप्पा सुधारले. दुकानात जाऊ लागले, चवीनं जेवू लागले. शेजारीपाजारी म्हणतात, पोरीनं बापाला सावरलं. फक्त एक झालंय. दिवेलागणीनंतर राणीनं हाक मारली तर ते पहिलीला ओ देत नाहीत, दुसरीलाही नाही. कान देऊन बसतात, आणि तिसरी आली की मगच बोलतात. राणीलाही त्याची सवय झाली होती.

काल संध्याकाळी ती बाल्कनीत कपडे काढत होती. ढग आले होते, म्हणून मदतीला बोलावलं. "पप्पा!" मग पुन्हा, "पप्पा!" तिसऱ्यांदा बोलवायला तिनं तोंड उघडलं…

पण तिच्या आधी, स्वयंपाकघरातून, तिच्याच आवाजात तिसरी हाक आली.

"ओ, आलो गं," पप्पा आनंदानं म्हणाले, आणि त्यांची चप्पल फटफटत पडद्याकडे गेली.