पंपघराचा नाहीसा झालेला दगड

“अहो, भिंतीतून दगड उपटून नेला हलकटांनी!”

पंपवाले काका दारातूनच ओरडले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा.

वहिनी खाजगी तपासाचं काम करत. गावभर त्या वहिनीच. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, हे मदतनीस; म्हणजे पिशवी धरणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं ही दोन कामं ते मन लावून करत.

“एका दगडासाठी एवढं?” भावोजी म्हणाले.

“त्यावर पंपघर बांधल्याचं साल होतं! आज चार वाजता जतन करायच्या इमारतींच्या यादीसाठी पाहणी आहे. इमारतीवर साल दिसलं तर नाव यादीत. नाहीतर पुढच्या आठवड्यात पाडणार. जुने कागद वाळवीने कधीच खाल्ले.”

चाळीस वर्षं काकांनी तिथले पंप चालवले होते. बोलता बोलता त्यांना रडूच फुटलं.

पंपघराची दर्शनी भिंत नव्या सिमेंटच्या गिलाव्याने गुळगुळीत झाली होती. काका ऑपरेशनसाठी पंधरवडाभर धाकट्या लेकीकडे होते आणि जाताना गवंडीकाम करणाऱ्या थोरल्या जावयाला भेगा बुजवायला सांगून गेले होते.

“दगड केवढा होता?” वहिनींनी विचारलं.

“दोन हात लांब, वीतभर जाड. चौघांशिवाय हलायचा नाही. आणि इतका मऊ की बोट लावलं तरी भुगा पडायचा.”

भिंतीला लागून शेवाळलेल्या कुंड्यांची रांग होती. एकही हललेली नव्हती. वहिनींनी भिंतीवर तळहात फिरवला. इथून तिथून खडखडीत कोरडी.

जागेवर डोळा असलेला ठेकेदार समोरच्याच कचेरीत भेटला. “मी कशाला हात घाण करू, बाई? अशा इमारती आपोआप मरतात. मी फक्त थांबतो.”

“हाच तो!” बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले.

पालिकेच्या इंजिनियरने किल्ल्यांची वही दाखवली. “फाटकाची किल्ली पंधरा दिवसांत एकट्या जावयानेच नेली. फाटक तर माणसाच्या दुप्पट उंच.”

जावई मान खाली घालूनच बोलला. “मी आलो तेव्हा दगड नव्हताच. वीतभर खोल खड्डा होता. विटा आणि सिमेंटचा माल भरून बुजवला, वर गिलावा केला. आठ दिवस झाले. परवापर्यंत पाणी मारत होतो.”



चार वाजता पाहणी अधिकारी आल्या. वहिनी भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

“चोर कुणीच नाही. चार माणसांचा दगड काढला असता तर खालच्या कुंड्या फुटल्या असत्या. आणि वीतभर खोल खड्डा भरला असता तर तेवढी जागा अजून ओली दिसली असती. भिंत सगळीकडे सारखी वाळली, कारण गिलावा सगळीकडे सारखाच पातळ आहे. दगड इथेच आहे. सिमेंटखाली.”

“म्हणजे जावई ठेकेदाराला फितूर?” भावोजी उसळले.

“गप्प बसा हो, भावोजी. याला दगड जपायचा होता.”

जावई खालीच बसला. “भुगा पडत होता, बाबा. म्हटलं, सिमेंटने झाकून टाकू, वर नवी ठळक अक्षरं कोरू. तुमच्या डोळ्यांना लांबूनही दिसतील अशी. तेवढ्यात तुम्ही आलात आणि चोर चोर म्हणून ओरडायला लागलात. मग माझी जीभच उचलेना.”

“आत दगड आहे, एवढं लिहून चालेल?” वहिनींनी अधिकाऱ्यांना विचारलं.

“दिसलं तरच लिहिता येतं. मलाही वाईट वाटतंय हो.”

“मऊ दगडावर सिमेंट बसलंय. काढलंत तर अक्षरंही सोबत येतील. नाही काढलंत तर नाव गेलंच.” वहिनींचा आवाज पडला. पुढे काय करायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं.

काकांनी भिंतीवर तळहात टेकवला. “काढा,” ते म्हणाले.

छिन्नी जावयानेच धरली. पहिला घाव, दुसरा. तिसऱ्या घावाला सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि दगडाचा सगळा दर्शनी थर घेऊनच खाली आला. आकड्यांचा चुरा त्याच्या बुटांवर सांडला. मागे नुसता खडबडीत दगड राहिला.

अधिकाऱ्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, नमस्कार केला आणि त्या निघाल्या. भावोजींनी पहिल्यांदाच कुणावर संशय घेतला नाही.

जावई हुंदके देत होता. काका चाचपडत त्याच्याजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“काम मात्र पक्कं केलंत, जावईबापू.”