मॉस्कोचे सात, अलास्काचे सात

यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर राहू दे. विश्वास बसेल एवढंच बोलायचं असतं तर मी जनगणनेच्या खात्यात चिकटलो असतो. झिनाइदा, तो चहाचा ट्रे ठेव आणि टेक जरा. सव्वीस वर्षं गाडीचे डबे सांभाळतेस, एक दिवस डबा तुला सांभाळेल.

तर शाळेत तुम्हाला शिकवलं, आपल्या रशियाने अलास्का अमेरिकेला विकला. साफ खोटं. विक्रीचा कागद घेऊन निघालेली घोडागाडी वसंतातल्या चिखलात रुतली. आपला चिखल तो! त्याने मोठमोठ्या फौजा गिळल्या, तिथे एका कागदाची काय कथा? चिखल वाळेपर्यंत सगळ्यांचे विचार बदलले आणि अलास्का राहिला आपल्याकडे. मग काय विचारता, राज्य असं फोफावलं की सूर्याला त्यातून बाहेर पडायची वाटच सापडेना. कॅलिफोर्नियाच्या गव्हाचा पाव, हवाईच्या आपल्या बेटांवरचे अननस, आणि समुद्राखालून बोगदा. गाडी त्यातून जाताना देवमासे खिडकीशी येऊन बघायचे, आत कोण काय खातंय.

एवढ्या राज्याला रेल्वेची वेळ मात्र एकच. मॉस्कोची. तिकिटावर मॉस्कोची वेळ, फलाटावरच्या घड्याळात मॉस्कोची वेळ. आणि अलास्कातलं नवं अर्खांगेल्स्क हे गाव मॉस्कोपासून बरोब्बर बारा तासांवर. गावातल्या घड्याळात सात, तर स्टेशनातही सातच. काटे अगदी जुळे भाऊ… फक्त एकाकडे सकाळ, दुसऱ्याकडे संध्याकाळ.

त्या स्टेशनचं घड्याळ तैसिया सांभाळायची. आई तिथल्याच बेटांवरची, अल्यूत जमातीची, वडील मॉस्कोकडच्या कोस्त्रोमाचे; डोळे आईचे आणि हट्ट दोघांचा. अकरा वर्षांत तिचं घड्याळ एक सेकंदही चुकलं नव्हतं. एका सकाळी भुरभुर पावसात ती शिडीवर चढून काच पुसत होती, तेवढ्यात एक तरुण पेटी सांभाळत धावत आला आणि रिकाम्या रुळांकडे बघत उभा राहिला.

"गाडी गेली का हो?"

"नाही."

"मग कुठे आहे?"

"अजून बारा तास लांब."

त्याने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं. "इथे सात लिहिलंय. आणि तिथे सात वाजलेत."

"मॉस्कोत आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत. तुमची गाडी मॉस्कोच्या सकाळी सातला सुटते."

"आणि मॉस्कोची सकाळ इथे कधी होते?"

"संध्याकाळी."

त्याने टोपी काढली. केसांतून पाणी ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबलं. तैसियाला हसू आवरेना.

"सगळ्यांनाच असं हसता?"

"छे. बाकीचे माझ्यावर ओरडतात. टोपी काढणारे तुम्ही पहिलेच."

त्याचं नाव रोदिओन. वर्षभर बोटीतून हिंडून त्याने दूरदूरच्या बेटांचे नकाशे काढले होते. इथून रेल्वेने जायची त्याची ही पहिलीच वेळ होती. आता मॉस्कोच्या नकाशा कचेरीत मोठी जागा मिळत होती. पंधरा वर्षांचा करार. सही त्याच गाडीने जाऊन करायची.

पण हातात बारा तास होते… आणि पाऊस.

तिने त्याला चहा दिला, साल्मन मासा भरून भाजलेली गरम पिरोग दिली. बदल्यात त्याने शिडी धरली. शिडीला धरायची काही गरज नव्हती, ती भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली होती. तैसियाने ते सांगितलं नाही. त्यालाही ते दिसत होतं, तोही बोलला नाही.

दुपारी त्याने पेटी उघडून नकाशा पसरला.

"या बेटाला अजून नाव नाही," तो म्हणाला. "मनात एक आहे… तुमची हरकत नसेल तर—"

"माझं देऊ नका. लोक माझ्यावर मासे वाळवतील."

"मग 'बारा तास' ठेवू?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते, आणि खिडकीच्या काचेत ते स्पष्ट दिसत होते.

"तुम्ही कधी मॉस्कोला याल?" त्याने विचारलं.

"घड्याळ कोण बघेल?"

"दुसरं कुणी."

"बेटं दुसऱ्या कुणी मोजली असती, तर तुम्हाला चाललं असतं?"

तो नकाशा गुंडाळू लागला. उत्तर होतं, पण ते त्याच्या बाजूचं नव्हतं.

सातला दहा कमी असताना गाडी आली. हिरवीगार, एकोणीस डब्यांची, छतावर अर्ध्या पृथ्वीची धूळ घेऊन. अशी गाडी दिसली की कुणाचीही छाती फुगते, त्या दोघांची मात्र रिकामी झाली.

"चला, बसू या," ती म्हणाली.

प्रवासाआधी क्षणभर गप्प बसायचं, हे आपल्याकडे कोण विसरेल? दोघं त्याच्या पेटीवर बसली. खांद्याला खांदा लागला. मग तो हळूच उठला.

"थांब म्हण ना, ताया." बारा तासांत तैसियाची ताया झाली होती.

"मला तो अधिकार नाही. मी फक्त वेळ सांगते."

त्याने पेटी उचलली आणि डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. सातला एक मिनिट कमी. तैसिया शिडी चढली, घड्याळाची काच उघडली… आणि मिनिटकाट्यावर बोट ठेवलं.

आता ऐका. त्या राज्यातली सगळी घड्याळं एकाच तारेत ओवलेली होती. तिने एक काटा धरला आणि सगळेच थांबले. बोगद्यात गाडी उभी राहिली, देवमासे चक्रावले. कझानच्या घंटाघरात घंटेचा दोर धरून माणूस ताटकळला. मॉस्कोत एका मंत्र्याचा लापशीचा चमचा तोंडाशी येऊन अडला.

"ताया, काय करतेस?"

"तुला विचार करायला वेळ देते."

"पण हा वेळ राज्याचा आहे!"

"राज्य केवढं मोठं आहे, रोदिओन. त्याच्याकडे पुष्कळ वेळ आहे. आपल्याकडेच नाही."

एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. चौथ्या मिनिटाला त्याने पेटी फलाटावर ठेवली. शिडीपाशी आला आणि तिची पावलं हातात धरून म्हणाला, "सोड आता. लापशी थंड होतेय त्याची."

तिने बोट काढलं. गाडी त्याच्याशिवाय गेली. आणि ही चूक कधीच पकडली गेली नाही, कारण सगळ्यांचीच घड्याळं चार मिनिटं मागे पडली होती. पकडणार कोण आणि कशाने?

गोष्ट संपली. डब्यातली मंडळी हसली, कुणीतरी टाळी दिली. झिनाइदा हसली नाही. मांडीवर हात ठेवून ती माझ्याकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "चिखल मी मानला. देवमासे मानले, मंत्र्याची लापशीसुद्धा मानली. पण घड्याळ सांभाळणारी बाई काट्याला हात लावत नाही. ती शिडी चढलीच नाही. गाडी सातला सुटली आणि तुम्ही आत बसून होतात." तिने आवाज खाली आणला. "खरं सांगा, कुठलं स्टेशन होतं ते?"