भीतीची भरपाई

तडजोड कक्षात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. मधोमध भयवाहक यंत्र गुणगुणत होतं. एका खुर्चीत सुलभा गायधनी, दुसरीत टेम्पोवाला मुरलीधर शेजवळ. गाडी लावण्यावरून भांडताना त्यानं तिचं मनगट पिरगळलं होतं. गुन्हा किरकोळ, संमतीनं मिटणारा. मात्र नव्या कायद्यात भरपाई पैशांत नव्हती. दुखावलेल्याची भीती गुन्हेगारानं स्वतःवर घ्यायची, की प्रकरण बंद.

"नेमकी हीच भीती निवडता कशी?" न्यायाधीश सामंतांनी विचारलं.

"वेळेवरून," यंत्र चालवणाऱ्या डॉ. इरावती कर्णिक म्हणाल्या. "त्या क्षणी मेंदूत जी भीती जागी होती, ती इथून उपटून तिथे रोवायची. आठवणी जागच्या जागी राहतात, फक्त धडकी हलते. उपटली तिथे ती पुन्हा रुजत नाही."

सामंतांनी सही केली आणि ते पुढच्या प्रकरणाला गेले.

चार मिनिटांत काम उरकलं. सुलभा उठली ती हसतच. "किती हलकं वाटतंय हो!"

मुरलीधरला वाटलं होतं, आता आपल्याला आपल्याच हातांची भीती वाटेल. त्यानं हात निरखले. काहीच वाटलं नाही. एवढंच होय, असं तो म्हणणार, तोच दारात एक नीटनेटका माणूस आला.

"झालं का गं? चल घरी."

मुरलीधर खुर्चीत अंग चोरून बसला. या माणसाला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, तरी त्याचा आवाज ऐकताच धडकी भरली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्र वेळ बघतं, माणूस नव्हे. मनगटावर वळ उठला तेव्हा बाई त्याला भ्यायलीच नव्हती. वळ बघून नवरा काय करील, याला ती भ्यायली होती.

"आज आईला फोन करून तुमचं सगळं सांगणार आहे मी," सुलभा नवऱ्याला म्हणाली, भर कक्षात, बिनधास्त.

"घरी गेल्यावर बोलू," नवरा हसून म्हणाला. त्याची बोटं तिच्या दंडात रुतली.

ताई, जाऊ नका! मुरलीधरला ओरडायचं होतं, पण नवरा वळून बघेल या धास्तीनं त्यानं मान खाली घातली.

"थरथर सगळ्यांनाच सुटते," डॉक्टर त्याला पाणी देत म्हणाल्या. "दोन दिवसांत सवय होईल."

दार लोटून ती दोघं बाहेर पडली. ओरडायला हवं होतं, धावायला हवं होतं. पण तो तिथेच बसून राहिला, लग्नानंतरची सात वर्षं सुलभा त्या माणसापुढे बसली होती तसा.