टिपकागदातली फांदी

वनस्पतींच्या संग्रहालयात झाडंझुडपं सुकवून कागदावर चिकटवणं हे माझं काम. "मी झुडपं आणतो, ताई त्यांना इस्त्री करते," असं माझा धाकटा भाऊ सगळ्यांना सांगत सुटतो. जिभेला हाड नाही मेल्याच्या!

या खेपेला तो डोंगरातून परतलाच नाही. शोधायला गेलेल्यांना रानात फक्त त्याचा झाडं दाबायचा चाप सापडला. दोन फळ्या, पट्ट्यांनी आवळलेल्या, मध्ये टिपकागद आणि त्यांत एकच फांदी. माथ्याजवळच्या रानात उगवणारं जांभळ्या फुलांचं झुडूप. चाप माझ्याकडे आला, तेव्हा मी टिपकागद बदलले. रडू आवरत नव्हतं, पण हात सवयीने चालत होते.

कागद रोज थोडे अधिक कोरडे निघायला हवेत. हे रोज जास्त ओले निघायला लागले. फांदी चपटी होईना. उलट कळ्या उमलायला लागल्या.

"बाई, चोरून पाणी घालता की काय?" साहेबांनी विचारलं.

"काहीतरीच काय, साहेब!"

देठाला हात लावला. कोमट होता. वेड्यासारखं वाटून गेलं, ही तग धरून आहे म्हणजे तोही असेल.

मग कागदावर बुरशी दिसली. बुरशी लागली की नमुना फ्रीजरमध्ये, हा आमचा नियम. फांदी वाचायलाच हवी होती. मीच चाप आत ठेवला आणि झाकण लावलं.

जेवणाच्या सुट्टीत शोधपथकाच्या प्रमुखाचा फोन आला.

"ताई, सापडला! जिवंत आहे!"

"बोलतोय का?"

"बोलतोय, पण गारठलाय हो. इथे उन्हाने आमची लाही होतेय आणि याच्या भुवयांवर हिम आहे."

फोन कानाशी धरूनच मी फ्रीजरकडे धावले. चाप उघडला. घाईघाईने फांदी उचलली, तर तिची एक डहाळी कटकन तुटली.

फोनमधून धाकट्याची किंकाळी आली.

"ताई, याचा हात! आम्ही शिवलोसुद्धा नाही हो!"

गोठलेली ओली फांदी बाहेर काढली की काळी पडते, तिचा लगदा होतो. हे मला ठाऊक होतं. परत आत ठेवू? बाहेर ठेवू? देवा, कुठे ठेवू हिला?

"ताई, ऐकताय ना?"

मी फांदी धरून तशीच उभी होते. माझ्या बोटांच्या उबेने तिच्यावरचं हिम विरघळायला लागलं होतं.