थांबण्याची मर्यादा

खाणीच्या कार्यालयातलं थोरल्याचं काम साधं होतं. कुठल्या खोलीतलं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक, तारेला जोडलं की मुख्य संगणक विचारी, ‘तू कोण?’ टर्मिनल आपला प्रकार आणि खोली सांगे. माणसाने बोटही लावायची गरज नसे. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर संगणक ती तार मेली असं धरी.

काल दुपारी बोगदा ढासळला आणि तळाच्या पंपखोलीत धाकटा भाऊ अडकला. तेव्हापासून थोरला कार्यालयातल्या आपल्या टर्मिनलवरून दर काही मिनिटांनी खाली तोच प्रश्न धाडत होता.

“छत पुन्हा खचतंय,” साहेब म्हणाले. “उत्तर थांबलं की खोदकाम थांबवतो. आणखी माणसं नाही घालवायची मला.”

“येतंय ना उत्तर, साहेब!”

“अरे, यंत्र आहे ते. शाळेतल्या पोरासारखं ‘हजर’ म्हणतंय.”

“म्हणजे खोली तरी शाबूत आहे!”

अकरा वाजता उत्तराला तीन सेकंद लागले. साहेबांची पाठ वळताच थोरल्याने थांबण्याची मर्यादा दहा केली. मग नऊ लागले. त्याने तीस केली. उत्तर सव्विसाव्या सेकंदाला आलं. जणू कुणी चालत येऊन सांगत होतं, दर वेळी आणखी लांबून. तारेला असा वेळ लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण जीव टांगणीला लागला, की माणूस शहाणपण खुंटीला अडकवतो. त्याने मर्यादा साठ केली.

अठ्ठावन्नाव्या सेकंदाला उत्तर आलं. खोली बरोबर होती. प्रकाराची जागा कोरी होती.

फोन वाजला. खालून मुकादम बोलत होता.

“पोचलो. धाकटा सापडला... तुळईखाली. कालच गेलाय रे. गार पडलाय.”

“पण टर्मिनल? टर्मिनल चालू आहे ना?”

“कसलं चालू? चेंदामेंदा झालाय. तार तर भिंतीतूनच उपटलीय.”

थोरल्याने फोन खाली ठेवला.

पडद्यावर पंपखोलीच्या तारेवरून काहीतरी आलं. या वेळी त्याने काही विचारलंच नव्हतं.

‘तू कोण?’

“हात लावू नकोस,” मागून साहेब कुजबुजले.

त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले.

समोरच्या टर्मिनलने प्रकार सांगितला.

मग खोली सांगितली.