सैल तारा

पन्नाशी उलटल्यावर गिटार शिकायला घेतली, तेव्हा मला हौस अजिबात नव्हती. हौस असायला माणसाची आधी झोप व्हावी लागते. मी आमच्या बेटावरच्या वाइमेआ गावात पाण्याचे मीटर वाचते. सकाळभर कुरणांच्या कडेने गाडी हाकायची, झाकण उघडायचं, आतला कोळी झटकायचा, आकडा टिपायचा. आकडा असतो तोच लिहायचा, आपल्याला वाटतो तो नाही. इतक्या वर्षांत मला एवढं एकच नीट जमलं. आणि दुपारी घरी आलं की ममा.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ममा बोलत नव्हती. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, डाव्या हाताची मूठ वळलेली, ती सुटतच नसे. मग हळूहळू खाणंही सुटत गेलं. अळकुड्या उकडून कुटलेली पातळ पोई चमच्याने ओठांपर्यंत न्यावी, तर ती तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन असंच उतरत राहिलं तर हिलोच्या शुश्रूषागृहात न्यावं लागेल, तिथे नळीने भरवतील. धडधाकट असताना ममाने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. "मापुआना, मला मरण या घरात येऊ दे. हिलोच्या ओलीत नको."

मला त्या वचनाचं ओझं झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण वचन ते वचन.

डॅडी होते तोवर संध्याकाळी ताटं मांडली की ते एक चाल वाजवायचे. तीच, रोज. ती संपली की ममा पहिला घास घ्यायची. डॅडी गेल्यावर ती चाल स्वतःशी गुणगुणायची आणि जेवायची. झटक्याने तिचं गुणगुणणंही नेलं. तेव्हा माझा हिशेब सरळ होता. चाल वाजली तर ममा खाईल. डॅडींची गिटार ममाच्या उशाशी खिळ्याला टांगलेली होतीच. मला वाजवता येत नव्हतं, एवढीच अडचण होती.

मी नहाले अंकलना बोलावलं. डॅडी आणि ते एकाच रँचवर गुरं राखायचे, एकाच व्हरांड्यात वाजवायचे. ते टोपी हातात घेऊन आत आले, ममाच्या कपाळाला कपाळ लावून भेटले, मग गिटारकडे बघून मान हलवली.

"तुझ्या बापाची, मकियाची चाल मी नाही शिकवू शकत, पोरी. मला येतच नाही."

"एवढी वर्षं शेजारी बसून वाजवलंत ना?"

"शेजारी? त्याच्या पाठीमागे म्हण. तुझ्या बापाने मला घोडा दिला, ट्रक दिला, एकदा पायातले बूट काढून दिले. जुळणी नाही दिली. भारी चिक्कू होता त्या बाबतीत."

आमच्याकडे गिटारच्या तारा सैल करून वाजवतात. कुठली तार किती उतरवायची ही जुळणी घराघराची वेगळी, आणि ती घराबाहेर जात नाही. डॅडींनी तर ते घरातही कुणाला कळू दिलं नाही. खुंट्या पिळायची वेळ आली की ते पाठ फिरवायचे आणि आम्हाला म्हणायचे, "तिकडे बघा, डोंगरावर पाऊस आलाय." आम्ही मुलं माउना केआकडे बघत उभे राहायचो. ममासुद्धा. मागे खुंट्यांची करकर ऐकू यायची, मग चाल सुरू व्हायची. वाजवून झालं की गिटार खाली ठेवण्याआधी सगळ्या तारा पार ढिल्या. पाहुणा असो वा नसो.

"मी तुला साधी जुळणी देतो," अंकल म्हणाले. "सगळ्या गावाला येते ती. चाल आपण चाचपडत शोधू. म्हातारीला काय, जवळपासचं काही ऐकू आलं तरी पुरे."

पहिल्या शनिवारी मी फक्त अंगठा चालवला. "अंगठा म्हणजे घोडा," अंकल म्हणाले. "तो थांबायचा नाही. वरची बोटं गप्पा मारतील, हसतील, अडखळतील. घोडा चालत राहायला पाहिजे." माझा घोडा दर चार पावलांवर बसत होता. डाव्या हाताची तर गोष्टच नको. तारा बोटांत सुरीसारख्या रुतायच्या. भांडी घासताना साबण लागला की डोळ्यांत पाणी यायचं. मी ती बोटं अंकलना दाखवली, तर ते खूश झाले.

"दुखू दे. कातडं सोलवटेल, मग घट्टे पडतील. घट्टे पडले की समजायचं, वाजवायला लागलीस. तोंडाने माणूस खोटं बोलेल, बोटं नाही बोलत."

तेव्हापासून दर शनिवारी दारातच त्यांचं पहिलं वाक्य, "हात दाखव." मग ते माझ्या बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवायचे, बाजारात आंबा चाचपावा तसा, आणि हुंकार द्यायचे. हळूहळू घट्टे धरायला लागले होते.

ममा मात्र माझं वाजवणं ऐकून तोंड आणखी मिटून घ्यायची. मला राग यायचा. सकाळभर उन्हातान्हात फिरून आलेली बाई आणखी काय करणार? राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, मग मी चमचा परत उचलायचे.

गिटारचं लक्षात आलं ते याच सुमारास. मी तारा जुळवून ठेवायचे आणि दुसऱ्या दुपारी त्या ढिल्या असायच्या. एखादी नाही, सगळ्याच, पार लोंबत. मी अंकलना सांगितलं.

"जुन्या खुंट्या आहेत. आमच्या गुडघ्यांसारख्या," ते म्हणाले आणि नव्या बसवून दिल्या.

नव्याही ढिल्या झाल्या. मी प्रत्येक खुंटीवर आणि तिच्या शेजारी लाकडावर पेन्सिलीने रेघ ओढली. दुपारी आले तर रेघा जुळत नव्हत्या. खुंटी घसरली तर थोडी घसरते. तारा इतक्या लोंबायला या कित्येक फेरे फिरल्या असणार.

सकाळी ममाजवळ शेजारच्या मिसेस फुजी बसतात. तिला अंघोळ घालतात, केस विंचरतात, मग कोड्यांचं पुस्तक सोडवतात. मी जरा आडून विचारलं.

"गिटार? मी कशाला हात लावू? मला आधीच दोन नातवांचा आवाज पुरतो. तू जेवलीस का काही?"

दुसऱ्या दिवशी मी गिटार माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कामावर घेऊन गेले. दुपारी कुलूप तसंच होतं. तारा ढिल्या. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. बाहेर नेहमीची तिरपी भुरभुर चालली होती. मीटरवर असा आकडा आला असता तर मी मीटर बदला म्हणून लिहून मोकळी झाले असते. इथे काय बदलायला सांगणार? खरं सांगायचं तर भीती वाटण्याइतकं त्राणही नव्हतं. मी गिटार परत खिळ्याला लावली आणि तारा जुळवायचं सोडून दिलं. ढिल्या तर ढिल्या.

मग एका दुपारी घरी आले तर तारा ताणलेल्या होत्या.

मी लावल्या होत्या तशा नाही. अंकलच्या जुळणीशी त्यांचा मेळ नव्हता. सर्वांत जाड तार फार खोल उतरलेली, मधली एक उलट चढलेली. मी बूटही न काढता खुर्चीत बसले आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

खोली आमच्या जुन्या जेवणाच्या वेळेसारखी झाली. दुसरं काही म्हणता येत नाही. भाजलेल्या मांसाचा, चिंब खोगिराचा वास आला, किंवा आल्यासारखा वाटला.

ममाने तोंड उघडलं.

मी धावत जाऊन पोई आणली. तिने वाटीभर खाल्ली. बोट घालून वाटीची कड पुसून दिली तर तेही चाटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले, आणि रडून झाल्यावर स्वतः उरलेला भात कालवणासोबत उभ्याउभ्याच खाल्ला.

त्यानंतर रोज तसंच. मी यायचे, गिटार जुळलेली असायची, मी मांडीवर घ्यायचे. चालही शोधावी लागली नाही. त्या जुळणीत बोटं पडतील तिथे चालच निघायची. घोडा थांबत नव्हता. पुढचं मला नीट सांगता येत नाही. वाजवता वाजवता माझे डोळे जड व्हायचे, चाल कानात असायची, आणि ती संपली की झोप झाल्यासारखं हलकं वाटायचं. गिटार मांडीवर असायची, ममा तोंड उघडून वाट बघत असायची. कित्येक वर्षांत मला असा आराम मिळाला नव्हता. फुकट मिळालेल्या आरामाची मी चौकशी केली नाही.

ममाच्या गालांवर मांस चढलं. डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा दोनदा पाहिला आणि हिलोचं नाव काढलं नाही.

अंकल मधल्या काळात आले नव्हते. कुरणातल्या कुंपणाच्या तारेने त्यांचा पाय फाडला होता. ते आले ते न सांगता, भर दुपारी. मी वाजवत होते. चाल संपली, माझे डोळे उघडले, तेव्हा ते जाळीच्या दारापलीकडे उभे होते. टोपी छातीशी. गाल ओले होते आणि ते पुसत नव्हते.

"पूर्ण ऐकलं," ते आत येऊन म्हणाले. "पायरीवरून. शेवटच्या वळणासकट. ते वळण मला वाटलं होतं त्याच्याबरोबरच मातीत गेलं."

"मला शिकवलं नाही कुणी, अंकल."

"ते नंतर सांग." त्यांनी गिटारकडे बघितलं आणि हसले. "वा. लगेच ढिल्या केल्यास. बापाची लेक."

मी खाली पाहिलं. माझ्या मांडीवर गिटारच्या सगळ्या तारा लोंबत होत्या. मी खुंट्यांना हात लावला नव्हता.

"हात दाखव," अंकल म्हणाले, अगदी लाडाने.

मी डावा हात पुढे केला. त्यांनी अंगठा फिरवला. थांबले. परत फिरवला. मग माझा हात उजेडाकडे, खिडकीपाशी नेला.

"तू वाजवत नाहीस," ते म्हणाले.

"रोज वाजवते. आत्ता तुम्हीच ऐकलंत."

"ऐकलं. पण ही बोटं बघ." त्यांचा आवाज खाली आला. "मी शेवटचा आलो तेव्हा इथे घट्टे होते. आता लोण्यासारखी झालीत. महिनाभर तरी या बोटांनी तार दाबलेली नाही."

मी माझी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. ते खरं सांगत होते.

मी हातचं काम करायला घेतलं. गिटार खिळ्याला टांगली. पोई आणली. ममाने भराभर खाल्लं. थोडी पोई तिच्या डाव्या मुठीवर सांडली, म्हणून मी कोमट फडकं घेतलं. अंघोळ मिसेस फुजी घालतात. ती मूठ मी फार दिवसांत उघडून पाहिली नव्हती.

मूठ सहज सुटली.

चारही बोटांच्या टोकांना पिवळे, टणक घट्टे होते. प्रत्येकावर तारेची बारीक खाच. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याच्या हाताला असतात तसे.

अंकलनी वाकून पाहिलं. त्यांचा अंगठा सवयीने पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"हिने तर कधी गिटारला हात लावला नव्हता," ते म्हणाले.

ममाने हात माझ्या हातातून काढून घेतला. उशीखाली लपवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"तिकडे बघा. डोंगरावर पाऊस आलाय."

मी खिडकीकडे वळले. अंकलही वळले. माउना केआ उन्हात कोरडाठाक उभा होता, वर ढगाचा ठिपकाही नव्हता.

आमच्या पाठीमागे खुंट्या करकरायला लागल्या. एक थांबली, दुसरी सुरू झाली.

आम्ही दोघं डोंगराकडे बघत उभे राहिलो.