सरांसाठी ठेवलेलं पाणी

अकोले तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा झाडायचं आणि कुलूप लावायचं काम माझं. त्या दिवशीही दिवेलागणीला मी कुलूप लावायलाच गेले होते. थंडी होती. सगळ्या वर्गांचे पंखे बंद, त्यामुळे माझ्याच चपलांचा आवाज मागून येत होता.

कल्याण सर त्याच प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या टेबलापाशी, छातीत कळ येऊन गेले होते. माणूस गेला त्या जागी दहाव्यापर्यंत दिवा आणि पाणी ठेवतात, म्हणून मीच ठेवलं होतं. पेला नव्हता. बीकरमध्ये डिस्टिल्ड पाणी ओतलं होतं.

आत निकिता होती, सरांची विद्यार्थिनी. एक शेवटचं माप मिळालं की तिचा प्रबंध पुरा होणार होता. अमिनो आम्लापासून सरांनी स्वतः बनवलेली पांढरी पूड, आपलं अंग ज्याचं बनतं त्याच जातीची, आता चिमूटभरच उरली होती. ती यंत्राच्या बंद भांड्यातल्या पाण्यात विरघळताना पाणी किती गार होत जातं, ते मोजायचं.

"मावशी, टाकली," ती म्हणाली. "शेवटची."

मी कोपऱ्यात पाहिलं. दिवा जळत होता. बीकर रिकामा.

"निकिता... पानी कुठलं घेतलंस?"

"तिथलंच. डिस्टिल्डच होतं ना?"

"अगं, ते सरांचं हाय!"

ती हसणारच होती, पण यंत्रावरचा आकडा चढू लागला. गार व्हायचं सोडून बंद भांडं तापत होतं. नुकत्याच अंघोळ केलेल्या माणसाच्या अंगासारखा वास सुटला. आकडा सदतीसवर येऊन थांबला.

"अंगाएवढं..." निकिता पुटपुटली आणि तिनं भांड्याला तळहात लावला.

"थांब, वायर काढते."

"याला हीटर नाहीये, मावशी. उष्णता कुठून तरी यावी लागते... आपोआप नाही येत..."

तिचे ओठ निळे पडत चालले होते. मी मनगट धरलं. विहिरीतल्या दगडासारखं गार.

"सोड ते, पोरी!"

"नको... सोडलं तर सर गार पडतील..."

मी भांडं हिसकावून घेतलं आणि बेसिनमध्ये उपडं केलं. पूड गेली, माप गेलं. निकिता फरशीवर बसून लहान पोरीसारखी रडली. मी तिचे हात चोळत राहिले. फार उशिरानं ऊब आली.

त्या बेसिनचा पाइप मात्र अजून हाताला कोमट लागतो. मुलं तिथं हात धुतात आणि काखेत हात घालून बाहेर येतात.

"मावशी, आज लई गारठा हाय," म्हणतात.

भर मे महिन्यात.